जावयाच्या गाडीचा पट्टा

एर्गाश टॅक्सीवाल्याची गाडी दोरीला बांधून अंगणात ओढत आणली गेली, तेव्हा उस्ता, म्हणजे मिस्त्री, ओबिदजान हात धुऊन नुकताच चहाला बसला होता. सकाळीच लेक आणि जावई निघून गेले होते. घर एकदम रिकामं वाटत होतं. मावजुदा, त्याची बायको, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकत होती आणि मधूनच डोळ्यांना पदर लावत होती.

"उस्ता, हे काय करून ठेवलंत?" एर्गाश गाडीतून उतरताच म्हणाला. "बाजाराच्या चौकात मेली. नुसती मेली, आवाज नाही, धूर नाही. मागे चार बायका बसलेल्या, त्यांनी तर मला शिव्याच घातल्या."

"पेट्रोल बघितलंस?"

"मी आज गाडी चालवायला लागलोय का?"

ओबिदजान हसला आणि पाना घेऊन उठला. त्याला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. कोकंद शहरात साबणाच्या जुन्या कारखान्यामागे त्याचं अंगण होतं आणि त्या अंगणात गेली वीस-बावीस वर्षं एकाच घराण्याची इंजिनं येत होती: चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, लहान. माणसाच्या आयुष्यात जी पहिली गाडी येते, तिच्यात तेच इंजिन असायचं. नवरदेवाला सासऱ्याकडून मिळालेली, मास्तरनं साठवून साठवून घेतलेली, टॅक्सीवाल्याला पोसणारी, सगळ्यांची एकच. मोठ्या गाड्या घेऊन कुणी आला तर तो सरळ सांगायचा, "मला ही एकच भाषा येते, दुसरीकडे जा." या घराण्यातली धाकटी भावंडं नंतर निघाली, त्यांच्यात लोखंडी साखळी आली. थोरल्यांत मात्र रबराचा दातेरी पट्टा होता. खाली पिस्टन वर येणार, वर व्हॉल्व्ह खाली येणार, आणि दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं नाही, हे सांभाळायचं काम त्या पट्ट्याचं. पट्टा गेला की व्हॉल्व्ह आहे तिथे थबकतात आणि पिस्टन येऊन त्यांवर आदळतो.

त्यानं पट्ट्यावरचं झाकण काढलं. पट्टा तुटलेला नव्हता. पण खालच्या चाकापाशी एका वितीएवढे दाते साफ सोलून निघाले होते, जशी उकडलेल्या बटाट्याची साल निघावी. त्यानं अंगठा घासला. पट्ट्यावर छापलेली पांढरी अक्षरं अंगठ्याला लागून आली.

"कधी बसवला होता रे हा?" त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला माहीत होतं.

"तुम्हीच बसवलात की. या महिन्यातच. मी म्हटलं जुना चालेल अजून, तुम्ही म्हणालात जोखीम नको."

ओबिदजाननं कपाटाकडे बघितलं. वरच्या फळीवर त्याच खेपेतले दोन डबे अजून शिल्लक होते. त्यांच्याच शेजारचा डबा काल दुपारी उघडला होता. जावयाच्या गाडीसाठी.

त्यानं पाना खाली ठेवला.

काल कुणी मागितलं नव्हतं. संजार, त्याचा जावई, म्हणालासुद्धा, "दादा, राहू द्या, आमच्या आंग्रेनला आईच्या ओळखीचा एक माणूस आहे, तो दर वर्षी बघतो." हे ऐकूनच ओबिदजान पेटला होता. माझ्या लेकीची गाडी परक्या माणसानं बघायची, आणि मी कोकंदचा उस्ता नुसता चहा पीत बसायचं? नेहमीच्या दुकानातला माल संपला होता म्हणून बाजारात शेजारच्याकडून त्यानं हे डबे आणले होते. "तोच कारखाना आहे, उस्ता, फक्त डबा बदललाय," दुकानदार म्हणाला होता. पट्टा हातात घेतल्यावर रबराचा वास जरा उग्र आला होता, एवढं खरं. क्षणभर तो थांबलाही होता. पण पाहुणे सकाळी निघायचे होते, आणि संजारचा जुना पट्टा उतरवून तर ठेवला होता. जुना पट्टा चांगला होता. अजून वर्षभर सहज गेला असता.

आयदिनला सातवा महिना होता. मागल्या वर्षीचं मूल चौथ्यातच गेलं होतं.

त्यानं फोन काढला. संजारचा फोन लागेना. आयदिनचा वाजला, वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला, तर बाई रशियनमध्ये सांगू लागली की ग्राहक क्षेत्राबाहेर आहे. म्हणजे डोंगरात शिरली ती दोघं. कामचिकच्या खिंडीत.

"उस्ता, तोंड असं का झालं तुमचं?" एर्गाशनं विचारलं.

"तुझं इंजिन मी करून देईन. माझ्या खर्चानं. आत्ता मला जाऊ दे."

मावजुदा गाद्या झटकत होती. तिनं विचारलं, "अहो, आता कुठे?"

"ती पोरं... बेहीची फळं विसरली. विहीणबाई राबिया-आपांसाठी काढून ठेवलेली. देऊन येतो."

"बेहीसाठी डोंगर चढणार? आंग्रेनला काय बेही मिळत नाहीत?"

"वाटेत गाठीन. लांब नसतील गेली."

खोटं बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तिनं टोपली आणून दिली, ती घेऊन त्यानं डिकीत टाकली, पान्यांची पेटी टाकली, आणि संजारच्या गाडीतून काढलेला जुना पट्टा कोटाच्या खिशात कोंबला. आपल्या गाडीत बसून किल्ली फिरवली तेव्हा कुठे त्याला आठवलं, की याच खेपेतला पहिला पट्टा त्यानं स्वतःच्या गाडीत घातला होता. बघू तर खरं कसा चालतो, म्हणून.

तो तसाच निघाला. पट्टा बदलत बसला असता तर तासाच्या वर गेला असता.

शहराबाहेर दोन्हीकडे कपाशीची वेचून झालेली शेतं, करडी, काड्या उभ्या. पुढे डोंगर, आणि डोंगरांच्या माथ्यावर कालच्या रात्रीचं नवं बर्फ. रस्त्यावर गाड्या चिक्कार होत्या आणि सगळ्या पांढऱ्या. आपल्याकडे गाडी घेणारा पांढरीच घेतो. संजारचीही पांढरी, लहान, मागच्या काचेत टोपीएवढी उशी. लांबून प्रत्येक गाडी ओबिदजानला तीच वाटायची. जवळ गेलं की आत अनोळखी माणसं, कोंबड्यांचे खुराडे, बांधलेले गालिचे. आणि प्रत्येक बॉनेटखाली तेच इंजिन. आयुष्यभर ज्या आवाजावर त्याचं पोट भरलं, तोच आवाज आज चहूबाजूंनी येत होता आणि त्याला नकोसा झाला होता.

पेट्रोल महाग म्हणून बहुतेकांनी गाडीला गॅसची टाकी बसवून घेतलेली, त्यामुळे गॅस भरायच्या पंपावर भली मोठी रांग होती. नियमाप्रमाणे माणसं उतरून दूर, भिंतीच्या आडोशाला उभी होती. त्याला वाटलं, देव करो आणि ती दोघं इथे अडकलेली असोत. गाडी बाजूला घेऊन तो रांगेच्या कडेनं चालत गेला, नंबर वाचत. मग भिंतीपाशी उभ्या बायकांत शोधलं. एका पोटुशीला पाठमोरी बघून हाक मारली. ती वळली, दुसरीच होती.

"कुणाला शोधताय, काका?"

"लेकीला. चुकलं माझं."

पंपावरच्या पोऱ्यानं उशीवाली पांढरी गाडी बघितल्याचं सांगितलं. कधीची गेली, तर म्हणाला, मघाशीच. मघाशी म्हणजे किती, हे त्याला सांगता येईना.

पुंगान गावाच्या पुढे चढ लागला आणि ओबिदजानचा कान आपोआप आपल्याच इंजिनाला लागला. गियर उतरवला की आवाज चढायचा. आवाज चढला की पट्ट्यावर ताण यायचा. हळू जावं तर ती दोघं लांब जाणार, जोरात जावं तर आपणच मधे बंद पडणार. वळणावर एक ट्रक पुढे आला. रोज दहा वेळा ओलांडतो तसा तो ट्रक ओलांडायला गेला आणि अर्ध्यात पाय सैल सुटला. समोरून बस आली असती आणि त्याच क्षणी दाते सुटले असते तर? इंजिन बंद, सुकाणू जड, ब्रेक एक-दोनदा लागणार आणि मग दगडासारखा घट्ट होणार. हे सगळं संजारला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी मेलेली गाडी उतारावर धरली नव्हती. तो नळाचं काम करणारा साधा पोरगा होता.

आणि तेवढ्यात त्याला दुसरी गोष्ट सुचली, आणि त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली. एर्गाश, जावई, आपण स्वतः. पण डबे तर सात आणले होते. दोन फळीवर. उरलेले?

औषधांच्या दुकानातली बाई. शाळेत संगीत शिकवणारा मास्तर.

फोनवर एकच रेघ दिसत होती. त्यानं घरी फोन लावला.

"भेटली का?" मावजुदानं पहिलं तेच विचारलं.

"ऐक. औषधवाल्या बाईकडे जा. आत्ताच्या आत्ता. म्हणावं, गाडी सुरू करू नका. मग मास्तरला फोन कर. तो उचलणार नाही, शाळेत जा."

"का?"

"मी बसवलेले पट्टे खराब आहेत."

पलीकडे फाटकाची कडी वाजली.

"तुम्ही काल आयदिनच्या गाडीत बसवलात," ती म्हणाली.

"हो."

"तो?"

"तोच."

"बेही म्हणालात मला."

"मावजुदा..."

"मी जाते शाळेत," ती म्हणाली. "तुम्ही बोलत उभे राहू नका तिथे." आणि तिनंच फोन ठेवला.

ती कशी धावत गेली हे त्याला नंतर कळलं. घरातल्या चपलांवरच. औषधवाली बाई गाडीत बसून निघतच होती, नातवाला आणायला. मावजुदा बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि ती उतरेपर्यंत हलली नाही.

चौकीवर शिपायानं कागद मागितले. ओबिदजाननं गाडीचं वर्णन सांगितलं. शिपाई म्हणाला, "दिवसाला इतक्या पांढऱ्या गाड्या जातात, चाचा, की मला घरी गेल्यावर बायकोही पांढरी दिसते." मागे उभा असलेला हसला. मग त्याचा चेहरा बघून शिपाई जरा नरमला. "वर एक गाडी बंद पडलीय म्हणतात. बोगद्याच्या अलीकडे. तुमचीच असेल असं नाही."

"कुणाला लागलंय?"

"तसं काही ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे नसेल."

त्यापुढची वळणं त्यानं कशी घेतली हे त्याला कधीच नीट आठवलं नाही. कडेला बर्फ दिसू लागलं होतं, मळकं, चाकांनी उडवलेलं. दही वाळवून केलेल्या गोळ्या विकणाऱ्या बायका शाली गुंडाळून बसल्या होत्या आणि गाडी हळू झाली की हात करत होत्या. एका लांब वळणाच्या आतल्या बाजूला त्याला ती दिसली. पांढरी, लहान. बॉनेट उघडं. मागची उशी काचेला टेकलेली. मागच्या दोन्ही चाकांखाली दगड.

संजार एकटाच गाडीला टेकून उभा होता. कान लाल झालेले.

"आयदिन कुठे?"

"दादा? तुम्ही इथे कसे?"

"आयदिन कुठे, संजार?"

"गेली. म्हणजे पुढे गेली, आमच्या घरी. एक कुटुंब ताश्कंदला चाललं होतं, त्यांच्या गाडीत एकच जागा होती. त्यांच्यात एक म्हातारी होती, तिनंच तिला बसवून घेतलं. आयदिनला कंबरेत दुखत होतं."

"कंबरेत? कधीपासून?"

संजारनं खाली बघितलं. "दगड उचलला तिनं."

मग तो घडाघडा सांगू लागला. चढावर ट्रक पुढे होता. त्यानं तो ओलांडायला गियर उतरवला, पाय दाबला, ट्रकच्या पुढे गेला आणि त्याच वेळी गाडी गप्प झाली. सुकाणू फिरेना. कशीबशी कडेला घेतली, तर गाडी मागे सरकू लागली. ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिला होता तो, हातब्रेक ओढलेला, तरी टाचभर टाचभर सरकतच होती, आणि मागे ट्रक भोंगा वाजवत येत होता. आयदिन दार उघडून उतरली. तो ओरडला, उतरू नकोस, पण ती उतरली आणि कडेचा दगड उचलून चाकाखाली घातला. मग दुसऱ्या चाकाखाली दुसरा.

"माझ्यामुळे झालं, दादा. मी इंजिनावर जोर केला. तुम्ही काल एवढं नीट करून दिलंत आणि मी दोन तासांत त्याची वाट लावली. आईला सांगू नका, मी ट्रक ओलांडत होतो म्हणून. ती मला पुन्हा गाडीला हात लावू देणार नाही."

ओबिदजान बॉनेटपाशी गेला. झाकण काढायची गरजच नव्हती, तरी त्यानं काढलं. तेच सोललेले दाते. संजार त्याच्या खांद्यावरून बघत होता, अपराध्यासारखा. त्या पोराला काही कळणार नव्हतं. उस्ता म्हणाला असता, हो, जोर जास्त झाला, तर त्यानं ते जन्मभर खरं मानलं असतं. ओबिदजानच्या मनात ते येऊन गेलं. येऊन गेलं, एवढंच नाही, ते जरा वेळ तिथे थांबलंही. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं.

"तुझ्यामुळे नाही," तो म्हणाला. "पट्टा नकली होता. मला सकाळी कळलं, एर्गाशचाही असाच गेला. म्हणून आलो मी धावत. तुझा जुना चांगला होता. तो काढून मी हा घातला."

संजारनं सोललेल्या दात्यांवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला घालताना माहीत होतं?"

"नाही." मग त्यानं स्वतःलाच दुरुस्त केलं. "वास आला होता रबराचा. मी लक्ष दिलं नाही."

संजारनं नाक पुसलं, आणि त्यानं पहिल्यांदा सासऱ्याकडे सरळ बघितलं. मग म्हणाला, "चला, तुमच्या गाडीतून जाऊ. ही राहू दे इथेच."

"माझ्या गाडीतही तोच पट्टा आहे."

"मग यात बसून तुम्ही इथवर आलात?"

ओबिदजाननं मान हलवली.

रस्तादुरुस्तीवाल्यांची सपाट पाठीची मोठी गाडी येईपर्यंत दोघं तिथेच थांबले. संजारची गाडी तिच्या पाठीवर चढवली. ओबिदजाननं आपली गाडी दहीगोळ्या विकणाऱ्या बाईच्या टपरीशेजारी लावली आणि तिला लक्ष ठेवायला सांगितलं. बेहींची टोपली तिलाच देऊन टाकली. मग तिघं केबिनमध्ये दाटीवाटीनं बसले. ड्रायव्हर बोलका होता. बोगद्यात शिरल्यावर आवाज घुमायला लागला तेव्हा तो ओरडून बोलू लागला.

"काय गेलं म्हणता? टायमिंगचा पट्टा? या महिन्यातली ही तिसरी. बाजारात कचरा आलाय सगळा. पण मी म्हणतो, बसवणाऱ्याला डोळे नसतात का? कुठल्या गाढवानं बसवला हा?"

संजार खिडकीबाहेर बोगद्याच्या दिव्यांकडे बघत राहिला.

"मी," ओबिदजान म्हणाला.

"काय?"

"मी बसवला. मी मिस्त्री आहे. हा माझा जावई."

ड्रायव्हरनं नजर रस्त्यावर वळवली. मधे एकदा त्यानं पापडीचं पुडकं पुढे केलं, ते दोघांनीही घेतलं नाही.

बोगदा संपून उतार लागला आणि फोनला रेघा आल्या. संजारचा फोन लगेच वाजला. त्याची आई, राबिया-आपा. केबिनमध्ये तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आयदिनला सरळ प्रसूतीच्या दवाखान्यात नेलंय. त्या ताश्कंदवाल्यांनीच नेलं. डॉक्टरीण तपासतेय. मुलाचा ठोका ऐकू येतोय. रक्त नाही. पण ठेवून घेणार.

"रक्त नाही म्हणाली," संजार फोन ठेवून म्हणाला, जणू ओबिदजाननं ऐकलंच नव्हतं.

"हो. ऐकलं मी."

दवाखान्याच्या दारात राबिया-आपा बाकावर बसल्या होत्या. ठेंगण्या, जाड भिवयांच्या, आयुष्यभर खाणीच्या कामगारांच्या खानावळीत स्वयंपाक केलेल्या. व्याह्याला बघून त्या उभ्या राहिल्या, रीतीप्रमाणे हात छातीशी नेला. ओबिदजाननं तो हात खाली येऊ दिला नाही, त्याआधीच बोलला. पट्ट्याचं, डब्याचं, जुन्या पट्ट्याचं, सगळं. थोडक्यात सांगायचं म्हणून सुरुवात केली होती, पण रबराच्या वासापर्यंत सांगत गेला.

"म्हणजे आमच्या माणसाला नको म्हणून तुम्ही स्वतःच्या हातानं केलंत," त्या म्हणाल्या.

"माझ्याच हातानं."

"हं." त्यांनी पदराचं टोक नीट केलं. "आत सून आहे माझी. तुमच्याशी भांडायला मला आत्ता सवड नाही. पुढे बघू. तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?"

"मला भूक नाही."

"मी भूक विचारली नाही. समोर समसा मिळतो, गरम असतो. खाऊन या, मग आत जा. तुमचं हे तोंड बघून तिला कळा सुरू व्हायच्या."

आत जायची परवानगी मिळाली तेव्हा दुपार कलली होती. आयदिन कुशीवर झोपली होती, हाताला सुई लावलेली. त्याला बघताच तिनं विचारलं, "दादा, गाडी आणली का? आईला कुणी सांगितलं का?"

"तुझ्या आईला सगळं माहीत आहे. तू दगड का उचललास?"

"मग काय करू? संजार ब्रेकवर उभा होता. तो उतरला असता तर गाडी गेली असती." ती थोडी हसली. "एक नाही, दोन उचलले. दुसरा हलका होता."

"आयदिन, तो पट्टा..."

"संजारनं सांगितलं, खिडकीतून." ती छताकडे बघू लागली. "तुम्ही आता रडू नका इथे. शेजारची बाई बघतेय."

तो रडत नव्हता. पण ती म्हणाल्यावर त्याला रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं.

त्याचा मुक्काम आंग्रेनलाच पडला. गाडी राबिया-आपांच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली उभी केली. त्यानं इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवलं, वाकलेले व्हॉल्व्ह काढले, आणि त्यांच्या ओळखीच्या त्याच माणसाकडे, ज्याच्या नावानं तो परवा पेटला होता, खाली मान घालून गेला. तो माणूस वयानं लहान होता. त्यानं काही विचारलं नाही, चांगले व्हॉल्व्ह कुठे मिळतील ते सांगितलं, हेड घासून दिलं, आणि पट्टा स्वतःच्या दुकानातून काढून दिला. पट्टा हातात घेऊन ओबिदजाननं आधी वास घेतला, मग अंगठा घासला, मग वाकवला. "घ्या, चावूनही बघा," तो माणूस म्हणाला. त्यानंतर दोघांनी मिळून खिंडीत जाऊन ओबिदजानच्या गाडीतलाही पट्टा बदलला.

गल्लीतले लोक येता-जाता फाटकातून डोकावायचे. कोकंदचा उस्ता व्याह्यांच्या अंगणात गुडघ्यांवर बसलाय, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. राबिया-आपा त्याच्याशी कामापुरतंच बोलायच्या. पण चहाची किटली कधी रिकामी राहिली नाही, आणि जेवणात त्याच्या वाट्याला हाडाचा चांगला तुकडा यायचा. कोकंदहून मावजुदाचा रोज फोन यायचा. पहिल्या दिवशी ती त्याच्याशी बोललीच नाही, फोन लेकीला द्या म्हणाली. मास्तरची गाडी तिनं शाळेच्या आवारातच ठेवायला लावली होती. दुकानदाराकडे उरलेले दोन डबे ती स्वतः घेऊन गेली होती. त्यानं कानावर हात ठेवले, मला काय माहीत म्हणाला. ती दुकानासमोर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिली, तेव्हा त्यानं माल आत नेऊन ठेवला. कायमचा ठेवला की चार दिवसांपुरता, कुणास ठाऊक.

इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा ओबिदजान बराच वेळ बॉनेटवर कान ठेवून उभा होता. चारही सिलिंडर एका सुरात चालत होते. त्याला विश्वास वाटेना. बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा ऐकलं. पूर्वी एकदा ऐकून त्याचं समाधान व्हायचं.

राबिया-आपा पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरीचा रुमाल.

"झालं?"

"झालं वाटतं."

"वाटतं?"

"झालं."

"उद्या आयदिनला सोडणार आहेत. या गाडीतून ती घरी यायची असेल तर आधी मी बसणार. चला, बोगद्यापर्यंत."

"आपा, थंडी आहे वर. मी एकटा जाऊन येतो."

"एकटे गेलात आणि आलात, तर मला काय कळणार?" त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि दारावरची मूठ धरली.

ते निघाले. चढ लागला तशी ओबिदजानची मान ताठ झाली. प्रत्येक गियरला तो आधी कान देऊन मगच पाय दाबत होता. आरशात फक्त रुमाल आणि भिवया दिसत होत्या. एका वळणावर कोळशाचा ट्रक पुढे आला, धापा टाकत, काळा धूर सोडत. ओबिदजान त्याच्या मागे मागे रांगत राहिला. धूर आत येऊ लागला.

"ओलांडा की," राबिया-आपा म्हणाल्या.

"राहू दे. घाई काय आहे?"

"मला खोकला येतोय."

समोरचा रस्ता मोकळा होता. त्यानं गियर उतरवला आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं, पट्ट्यावर सगळा ताण आला, ट्रकचं एकेक चाक बाजूनं मागे जाऊ लागलं, आणि तेवढा सगळा वेळ त्यानं श्वास घेतला नाही. मग ट्रक मागे पडला. गाडी आपल्या बाजूला आली. इंजिन शांत झालं.

बोगद्याच्या तोंडाशी त्यानं गाडी वळवून उभी केली. राबिया-आपा उतरल्या, गार वाऱ्यात दोन पावलं चालल्या, गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून चाकांकडे बघितलं, जसं काही त्यांना त्यातलं कळत होतं. परत आल्या त्या पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी बसल्या.

"मी विसरले नाहीये, हे लक्षात असू द्या," त्या म्हणाल्या.

"विसरू नका."

"बाळ नीट जन्मलं तर बघू. तोवर मला काही विचारू नका." त्यांनी सीटचा पट्टा ओढून कमरेला लावला. "आणि मावजुदाला सांगा, बाळंतपणाला लवकर ये म्हणावं. माझ्या एकटीच्यानं होणार नाही."

जानेवारीच्या शेवटी मुलगी झाली, थोडी लवकर, थोडी लहान, पण रडणं दणदणीत. मावजुदा आधीच जाऊन राहिली होती. ओबिदजान बारशाला गेला तो बसनं. खिंडीत बर्फ होतं, बस दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा त्यानं उठून ड्रायव्हरला विचारलं की काय झालं.